ओळीवर एकटा ठिपका

वजनकाटे बनवणाऱ्या त्या कंपनीत साडेतीनशे माणसं होती आणि त्यातल्या एकाच माणसाला बारा महिने स्वेटर लागायचा. त्यांना सगळे टपालराव म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं.

टपालराव कंपनीचं ईमेल सांभाळायचे. तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली, खोलीत कपाटाएवढं मशीन, मशीनसाठी थंड हवा, आणि त्या हवेत मशीनच्या वाटची हुडहुडी भरून घेणारे टपालराव. खोलीला खिडकी नव्हती. खुर्ची एकच. दुसरी का नाही, असं विचारलं तर म्हणायचे, "येतं कोण?"

मी गेलो होतो ती खोली बंद करायला. मशीन पोसणं पुरे, आता ईमेल बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवर न्यायचं, असं कंपनीने ठरवलं होतं. ती बिऱ्हाडबदली माझ्या गळ्यात पडली. मुदत तीन आठवडे. तिसऱ्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला मशीन बंद, आणि त्याच दिवशी टपालराव निवृत्त. म्हणजे मी यमाच्याच कामावर आलो होतो, फक्त रेड्याच्या जागी लॅपटॉप होता.

पहिल्या दिवशी मी बाहेरून एक स्टूल ओढत आणलं. त्यांनी आधी स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती दिवस?"

"तीन आठवडे, काका."

"मग असू दे."

टपालराव मुळात जावक विभागातले. आलेली पत्रं ती आवक, गेलेली ती जावक. पाकिटाला गोंद लावायचा, तिकीट चिकटवायचं आणि पुठ्ठ्याच्या जाड वहीत नोंद करायची. त्या वहीचा एकच कडक नियम होता, खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर ती तशीच ठेवायची आणि खाली लिहायचं, 'वरील नोंद रद्द समजावी', आणि सही. वीस वर्षं हे केल्यावर ते हाडीमांसी खिळलं. त्यांच्या शेजारी आवक सांभाळणाऱ्या बाई आता दारातल्या स्वागतकक्षात बसतात. त्यांनीच मला साखरेचा किस्सा सांगितला. टपालरावांच्या बायकोने एकदा सामानाच्या यादीत साखर दोनदा लिहिली. यांनी खोडली नाही. यादीच्या तळाला लिहिलं, 'वरील साखर रद्द समजावी.' वाणी शहाणा होता, त्याने दोन्ही साखरा रद्द केल्या. आठवडाभर घरात बिनसाखरेचा चहा.

"आणि एवढं होऊन चूक वाण्याचीच बरं का!" बाई म्हणाल्या.

मग एक दिवस कंपनीत ईमेल आलं. साहेब म्हणाले, "टपाल तुमचंच ना? मग हेही तुमचंच." आठवडाभराच्या शिक्षणावर टपालराव जिन्याखाली गेले ते गेलेच. पहिल्या मशीनला जोडलेला प्रिंटर कोऱ्या ओळी गिळायचा. सगळे परिच्छेद एकमेकांच्या अंगावर चढायचे. त्यावर टपालरावांनी उपाय काढला. परिच्छेद संपला की कोऱ्या ओळीऐवजी एका ओळीवर नुसता एक ठिपका द्यायचा. प्रिंटर यथावकाश भंगारात गेला. ठिपका राहिला. त्यांच्या कुठल्याही पत्रात दोन परिच्छेदांच्या मध्ये तो एकटा बसलेला असायचा, रिकाम्या बाकावरच्या माणसासारखा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"तू शिकलेला. सांग, ईमेल जातं कसं?"

मी परीक्षेत लिहिलं होतं तसं सांगितलं. आपला प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट, तो सर्व्हरला एसएमटीपी नावाच्या नियमांनी...

"पाठांतर छान आहे. आता बोलून दाखव."

"कोणाशी?"

"सर्व्हरशी. माझ्याशी सगळेच बोलतात." हे खरं नव्हतं.

त्यांनी पडद्यावर एक काळी खिडकी उघडली आणि आपण 'पाठवा' दाबल्यावर प्रोग्रॅम गुपचूप जे बोलतो ते स्वतःच्या बोटांनी बोलायला लागले. आधी सर्व्हरने आपण जागे असल्याचं कळवलं. टपालरावांनी 'हेलो' लिहिलं, त्यात एल एकच.

"एक एल राहिला, काका."

"राहिला नाही. इथे हुकूम चार अक्षरांचा. टेलिफोनवरचा पाच अक्षरी हॅलो इथे केलास तर ओळख दाखवणार नाही."

मग पाठवणाऱ्याचा पत्ता. सर्व्हर म्हणाला, अडीचशे, म्हणजे मान्य. मग घेणाऱ्याचा पत्ता. पुन्हा अडीचशे.

"हे पाकीट झालं," टपालराव म्हणाले. "आतल्या कागदावर 'प्रिय' कोणालाही लिही, सर्व्हर बघत नाही. तो फक्त पाकीट वाचतो. जुन्या पोस्टमनसारखा, सभ्य. आता मजकूर."

त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि तिसऱ्या ओळीवर नुसता ठिपका देऊन एंटर मारला. अडीचशे, पत्र घेतलं.

"पत्र कुठे संपलं ते त्याला कसं कळणार? म्हणून ही खूण. ओळीवर एकटा ठिपका. त्याच्या मागेही काही नाही, पुढेही काही नाही. दिसला की सर्व्हर पाकीट बंद करतो. त्यानंतर जे लिहिशील ते पत्र नाही, हुकूम."

"पण काका, तुमच्या पत्रांत तर पावलोपावली ठिपके! ती अर्ध्यात कशी तुटत नाहीत?"

ते पहिल्यांदा हसले. "शहाणा आहेस. नेहमीचा प्रोग्रॅम अशा ठिपक्याला गुपचूप आणखी एक ठिपका जोडून देतो. पलीकडचा तो काढून टाकतो. तुला मला पत्ताही लागत नाही. म्हणून माझी चैन चालते."

मग आकड्यांचा धडा झाला. सर्व्हर बोलतो ते आकड्यांत. दोनने सुरू होणारा आकडा म्हणजे झालं. चारने सुरू होणारा म्हणजे आत्ता नाही, जरा वेळाने ये. पाचने सुरू होणारा म्हणजे नाही, आणि परत येऊ नकोस. चार आला तर पत्र रांगेत थांबतं आणि मशीन स्वतः पुन्हा पुन्हा जाऊन, चांगलं पाच दिवस, दार ठोठावतं. पाचशेचा कुठलाही आकडा आला तर पत्र आल्या पावली परत, ज्याचं त्याला.

"चार आणि पाचात एकाचाच फरक," टपालराव म्हणाले, "पण माणसाच्या पत्रात तो कळत नाही, तोंड समोर असतं तर कळला असता."

तेव्हा मला ते वाक्य नुसतं म्हाताऱ्याचं वाक्य वाटलं होतं.

पाठवायची रीत एक असली तरी सर्व्हरवरून पत्र आपल्याकडे आणायच्या दोन आहेत. पहिली पॉप. पोस्टात जायचं, आपल्या खणातली सगळी पत्रं पिशवीत भरून घरी आणायची, खण रिकामा. दुसरी आयमॅप. पत्रं पोस्टातच ठेवायची, आपण जाऊन वाचायची, कुठूनही. मी यादी काढली तेव्हा सगळी कंपनी आयमॅपवाली निघाली. पॉपवाला एकच, ज्याचा खण सर्व्हरवर रिकामा होता. टपालराव.

"तुमची पत्रं कुठे आहेत?"

"घरी."

म्हणून रविवारी त्यांच्या घरी जावं लागलं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दारात चपलांसाठी चार कप्प्यांचं कपाट आणि त्यात एकच जोड. बाहेरच्या खोलीत एक जुना, पिवळा पडलेला कॉम्प्युटर, त्यावर विणलेला रुमाल. चहा त्यांनी दोन कपांत आणला. एका कपावर धूळ पुसल्याच्या ओल्या खुणा होत्या.

मी पत्रं उतरवून घेत होतो. सगळी कामाची. एका कप्प्याचं नाव मात्र 'लेक' होतं. त्यात एकेचाळीस पत्रं, शेवटचं सहा वर्षांपूर्वीचं.

"मुलगी?" मी विचारलं.

"हं. बंदरात क्रेन चालवते. पन्नास मीटर उंचीवर काचेचा पिंजरा असतो, त्यात बसून जहाजावरचे डबे उचलते."

"भारीच की!"

"मला नाही वाटलं भारी." त्यांनी कपाचा कान पुसला. "मी तिला आमच्या कंपनीत चिकटवली होती. काट्यांच्या तपासणीत. आई गेल्यावर वर्षाच्या आत नोकरी सोडून निघाली. मी म्हटलं, दिवसभर एकटी त्या पिंजऱ्यात बसणार? हा काय जन्म आहे?"

जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत वीस वर्षं बसलेला माणूस हे म्हणत होता. मी चहात बघितलं.

"मग?"

"भांडलो. गेली. तिकडून पत्रं लिहायची. मी रागाने एक लिहिलं. पण त्याच पत्रात खाली माफीही मागितली. मुलीची माफी. सोपं नसतं रे ते."

"काय म्हणाली?"

"काही नाही. त्यानंतर एक ओळ नाही. फोनचा नंबर बदलला."

"परत लिहायचं होतं."

"माफी काय हप्त्याहप्त्याने मागायची? एकदा मागितली. पोहोचली, सर्व्हरच्या दफ्तरात नोंद आहे, अडीचशे. आता पाळी तिची." मग जरा वेळाने, "तिने वाचलं आणि तिला पटलं नाही. एवढाच अर्थ."

त्यांनी सवयीने 'पत्रं आणा' हे बटण दाबलं. एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली आणि तिच्यावर अक्षरं आली, 'नवीन पत्र नाही'. बटणावरचं चिन्ह बोटाने घासून पुसट झालं होतं, म्हणजे पडद्यावरची काच तेवढ्या जागी मळलेली होती. माऊसने दाबण्याआधी ते बोट काचेवर ठेवायचे, रस्ता ओलांडायला पोराला धरावं तसं.

खाण तशी माती, बाईंनी सोमवारी ऐकवलं. "बाप म्हणतो पाळी तिची, लेक म्हणत असेल पाळी बापाची. आणि दोघं बसलेत पाळीची राखण करत!"

आता एक कंटाळवाणी गोष्ट सांगतो, कारण सगळं तिच्यावरच अडलं आहे. ईमेलच्या प्रत्येक सर्व्हरवर पोस्टमास्टर या नावाचा एक पत्ता असावा लागतो. काही बिनसलं तर जगातल्या कोणालाही तक्रार करता यावी म्हणून. आमच्याकडे तो पत्ता अर्थात टपालरावांचा. त्या पत्त्यावर मशीनही आपली गाऱ्हाणी घालायचं. अमुक दारात आला आणि भलतंच बोलला, हा घ्या त्याचा आणि माझा संवाद. अशी गाऱ्हाणी दिवसाला वीस-पंचवीस. टपालरावांनी कंटाळून ती परस्पर एका कप्प्यात वळवली होती. कप्प्याचं नाव 'किरकिर'. त्यात अठ्ठावन्न हजार कागद होते आणि एकही उघडलेला नव्हता.

किरकिर पुसून टाकायची, असा मला हुकूम होता. पुसण्याआधी मी ती कुठून कुठून आली त्या क्रमाने लावून बघितली. जगभरची उपद्व्यापी मशीनं होती. पण एक गाऱ्हाणं आमच्याच खोलीतलं निघालं. आमच्याच यंत्राने आमच्याच सर्व्हरशी वेडंवाकडं बोलल्याचं. म्हटलं, आपलंच काही चुकीचं लावलेलं असेल तर ते नव्या घरी पण मागे येईल. म्हणून उघडलं.

सुरुवात ठीक होती. हेलो. पाठवणारे टपालराव. घेणारी एका बंदराच्या पत्त्यावरची कोणीतरी. मजकूर घेतला, अडीचशे. आणि नंतर हे होतं. मशीनचं उत्तर मी आपल्या भाषेत करून देतो.

आलं: वरील मजकूर रद्द समजावा. तो काल रागात लिहिला.
उत्तर: ५०० हा हुकूम समजला नाही.
आलं: खोडत नाही, कारण खोडायची सवय नाही. तुला माहीत आहे.
उत्तर: ५०० हा हुकूम समजला नाही.
आलं: माझं चुकलं. तू यावंस. दार बंद आहे असं समजू नकोस.
उत्तर: ५०० हा हुकूम समजला नाही.
आलं: क्रेनचा फोटो पाहिला. त्यात तू दिसत नाहीस, काच फार वर आहे.
उत्तर: ५०० हा हुकूम समजला नाही.
आलं: तिथे थंडी असेल. स्वेटर घाल. मीही घालतो, लोक हसतात.
उत्तर: ५०० हा हुकूम समजला नाही.

असं ओळीमागून ओळ. ती लहानपणी कंपनीत यायची तेव्हा पार्सलच्या काट्यावर बसायची, तेही त्यात होतं. शेवटची नोंद सदतीस किलोंची, त्यानंतर तू बसली नाहीस, असं. प्रत्येक ओळीला मशीनने इमानाने पाचशे म्हटलं होतं. वीस चुका झाल्या की मशीन दार लावून घेतं. विसावी ओळ होती, 'तू गेलीस त्या दिवशी मी बसस्टँडवर आलो होतो. तू पाहिलं नाहीस. मी खांबामागे'. त्याखाली, 'उत्तर: ४२१ फार चुका झाल्या.' आणि संपलं.

टपालराव बाहेर बाईंकडे चहाला गेले होते. मी स्टुलावर बसून राहिलो. नऊ दिवसांनी मी निघून जाणार होतो. पुसायचं बटण हाताशी होतं आणि हुकूमही होता. पण सहा वर्षं तो माणूस समजत होता की लेकीने माफी वाचली आणि फेकून दिली. ते आले तेव्हा मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"काका, बसा. तुमचं एक पत्र आहे."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. वरपासून खालपर्यंत एकदा, आणि मग फक्त वरच्या चार ओळी पुन्हा.

"त्या दिवशी माझा प्रोग्रॅम बिघडला होता," ते म्हणाले. "मीच चार ओळींची एक युक्ती लिहिली होती, पत्र सरळ सर्व्हरच्या दारात ओतणारी. तिला ठिपका दुप्पट करायचं शिकवलंच नव्हतं."

"आणि उत्तरं?"

"उत्तरं वाचायचंही शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दफ्तर पाहिलं. अडीचशे होतं. खोटं नव्हतं ते. जेवढं घेतलं तेवढं पोचवलं त्याने."

पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात. पण इतक्या उथळ पाण्यात, एका ठिपक्यात?

"वरच्या भागात काय होतं, काका? जो पोहोचला?"

"बरंच होतं. शेवटची ओळ आठवते." त्यांनी चष्मा काढला. "'गेलीस तर गेलीस, परत येऊ नकोस.'"

"आणि मग?"

"मग ठिपका."

मी मूळ पत्राची प्रत विचारली. "घरच्या पत्राची स्थळप्रत कोण ठेवतं?" ते म्हणाले. "पुढे काय होतं, खांबामागे?" असं विचारलं तर "आठवत नाही" म्हणाले आणि कान लाल झाले.

पुढचे काही दिवस ते मान खाली घालून कामच करत राहिले. मीही चावटपणा बंद ठेवला. शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी तीनला त्यांनी स्वेटरच्या बाह्या सारल्या, काळी खिडकी उघडली आणि म्हणाले, "पाठवतो."

"नेहमीच्या प्रोग्रॅमने पाठवा ना!"

"नाही. या वेळी दारापर्यंत मी स्वतः जाणार."

मजकूर त्यांनी आधी तयार ठेवला होता. ती किरकिर जशीच्या तशी, सगळ्या पाचशेंसकट. मी म्हटलं, निदान ती उत्तरं तरी काढा. म्हणाले, "नोंद आहे. खोडायची नाही." वरती मात्र स्वतःचं एक वाक्य होतं. 'संदर्भ: माझे सहा वर्षांपूर्वीचे पत्र. त्याचा उरलेला भाग माझ्या चुकीमुळे आज पाठवीत आहे. उशिराबद्दल क्षमस्व.' मुलीला लिहिताना सुद्धा क्षमस्व! ओळीवर एकटा ठिपका कुठे नाही ना, हे त्यांनी तीनदा तपासलं. मग मला तपासायला लावलं.

बंदराच्या सर्व्हरने दार उघडलं. हेलो, एक एल. पाठवणारा, अडीचशे. मग तिचा पत्ता. आकडा यायला जरा वेळ लागला.

४५१.

"चार आहे, काका! चार!"

"दिसतंय मला. अनोळखी दारातून आलो म्हणून परत पाठवतोय. खरा टपालवाला असेल तर पुन्हा येईल, चोर असेल तर नाही, असा त्यांचा हिशेब. पंधरा मिनिटं."

मशीनचं काम असतं तर पत्र रांगेत पडून राहिलं असतं आणि मशीन परत गेलं असतं. आज रांगेत टपालराव स्वतः होते. गुडघ्यांवर हात ठेवून, दवाखान्यात नंबर यायची वाट बघतात तसे. पत्ता अजून तिचा आहे की नाही, ती तिथे आहे की कधीच सोडून गेली, हे ४५१ मधून कळत नाही. नसेल तर पुढचा आकडा ५५०, असा कोणी माणूस इथे नाही.

दहाव्या मिनिटाला ते म्हणाले, "मला तिला ४५१ म्हणायचं होतं. आत्ता नको, जरा राग जाऊ दे, मग ये. आणि म्हटलं ५५०." थोड्या वेळाने बोट किरकिरीच्या शेवटच्या ओळीवर ठेवलं. "मशीनला वीसदा त्रास दिला मी. तरी बघ, शेवटी तेसुद्धा चारच म्हणालं. चारशे एकवीस."

सोळाव्या मिनिटाला त्यांनी पुन्हा दार वाजवलं. हेलो. पाठवणारा. तिचा पत्ता.

२५०.

टपालरावांचे हात तिथेच थांबले.

"आहे," ते म्हणाले.

पत्र जायचं बाकी होतं, वाचलं जायचं बाकी होतं, उत्तर तर लांबच. पण ती आहे, तिच्या नावाचा खण त्या दारामागे आहे, एवढं त्यांना सहा वर्षांत पहिल्यांदा कळलं होतं. मग त्यांनी मजकूर घातला, खालच्या ओळीवर ठिपका दिला आणि एंटरवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. अडीचशे.

शुक्रवारपर्यंत काही आलं नाही. पाचला साहेब खाली आले, दोन वाक्यं बोलले आणि कंपनीच्याच कारखान्यातला एक स्वयंपाकघरातला वजनकाटा टपालरावांना भेट दिला. एकट्या माणसाला पाव किलोच्या वर काय मोजायचं असतं, ते साहेबांनाच ठाऊक. टपालरावांनी मशीन स्वतःच्या हाताने बंद केलं. पंखे हळूहळू थांबले. थंड हवाही बंद झाली. पाच मिनिटांत खोली कोंदट झाली, तरी त्यांनी स्वेटर काढला नाही.

"स्टूल घेऊन जा," ते मला म्हणाले.

कंपनीने मला आणखी आठवडाभर थांबवून घेतलं होतं. मी स्वागतकक्षात बाईंच्या शेजारी बसून लोकांच्या तक्रारी निस्तरत होतो. जिन्याखालच्या खोलीत झाडू आणि बादल्या आल्या होत्या. सोमवारी टपालराव ओळखपत्र परत करायला आले. मंगळवारी ओळखपत्राची पोच मागायला आले. बुधवारी कारणाशिवायच आले आणि दारात घुटमळले.

"या हो," बाई म्हणाल्या, "तुमच्यावाचून आमचा चहा रद्द समजावा लागतोय."

ते हसले नाहीत. "तिकडे नव्या ठिकाणी... माझा खण आहे ना अजून?"

"महिनाभर आहे, काका. आणि आता आयमॅप आहे. इथूनही दिसेल." मी खुर्ची सोडली.

ते सवयीने बटण शोधत होते. मी सांगितलं, आता बटण लागत नाही, आलेलं आपोआप दिसतं. आणि ते दिसतच होतं. सकाळी आलेलं. बंदराच्या पत्त्यावरून. विषयाची जागा रिकामी. आत 'बाबा' नव्हतं, खाली नाव नव्हतं. दोनच शब्द होते.

'खांबामागे काय?'

बाईंनी वाचलं, मी वाचलं, टपालरावांनी वाचलं. बाई एकदम उठल्या आणि दाराशी कोणी नसताना दाराकडे बघायला गेल्या.

टपालरावांनी उत्तराची खिडकी उघडली. एक ओळ लिहिली, मग एक, मग आणखी. आठवत नाही म्हणणाऱ्या माणसाला बरंच आठवत होतं. मी मुद्दाम भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. मग आवाज थांबला. बघितलं तर त्यांचं बोट ठिपक्याच्या बटणावर अधांतरी.

"अरे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठिपका द्यायचा नसेल तर परिच्छेद कसा तोडायचा?"

या प्रोग्रॅममध्ये ठिपका दिला असता तरी चाललं असतं. हे मला माहीत होतं आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"एंटर दोनदा मारा, काका."

त्यांनी एकदा मारला. मग दुसऱ्यांदा. आणि त्या कोऱ्या ओळीकडे बघत बराच वेळ बसून राहिले.

"जा, तू चहा पिऊन ये," ते म्हणाले. "मला वेळ लागेल."